डेपोतलं बोंडलं

पालिकेच्या कचरा विभागात खिडकीतल्या बाईंनी पद्मजापुढे बाळाला दूध पाजायचं स्टीलचं बोंडलं ठेवलं. “ताई, जुन्या कचरा डेपोच्या खोदकामात निघालं. यंत्राला त्याच्या चोचीत लाळ सापडली, डीएनए जुळला तुमच्या मुलीशी. वस्तू तिची, वितळवायची तर तिची सही लागेल.”

“ती सात महिन्यांची असतानाच गेली.”

बाईंनी फॉर्मवरचं मुलीचं नाव खोडलं. “मग तुमची चालेल. वितळवू, की नेताय?”

“नेते.”

ती गेली तेव्हा सासूबाईंनी बाळाचं सगळंच टाकून दिलं होतं. आता घरात तिचं एवढंच असणार होतं.

घरी येताच पद्मजाने ते घासलं आणि पातेल्यात उकळायला ठेवलं, पूर्वी रोज ठेवायची तसंच.

नवरा आत आला. “अगं, फोनवर म्हणालीस ना, तिची लाळ होती त्यात?”

तिने गॅस बंद केला. “उकळलं मी,” ती म्हणाली, आणि बोंडलं पुसायला मऊ फडकं शोधू लागली.