लाईकची कमाई

नागसेनचं मलकापुरातलं झेरॉक्सचं दुकान नुसतं नावाला उघडं असायचं. त्याच्या मोबाईलमध्ये नवं अ‍ॅप आलं होतं. त्यावर लोकांच्या पोस्टला लाईक करा, कौतुकाचे दोन शब्द लिहा, की म्हणे क्रिप्टोची नाणी जमा! आता ते सगळं वाचत कोण बसतो? साहेबांचा अंगठा तेवढा दिवसभर राबायचा. वडनेरला घरी असलेल्या बायकोला, समतालाही त्याने बजावलं होतं, "फोन काऊन करतं? जे सांगाचं ते अ‍ॅपवर टाक. तुलेबी नाणे भेटतीन."

त्या संध्याकाळी तो शीळ घालत घरी आला, तर ओसरीवर म्हातारे वडील पायाला प्लास्टर घालून पडलेले. नागसेन भडकलाच.

"एवढं झालं अन् मले कोणी सांगतलं काऊन नाही?"

समताने मोबाईल त्याच्यापुढे धरला. सकाळीच तिने अ‍ॅपवर टाकलं होतं, "अहो, बाबा जिन्यावरून पडले. पाय मोडला. गाडी घेऊन लवकर या."



खाली पहिलीच कमेंट नागसेनची होती, "खूपच छान, ताई! असंच टाकत राहा."