तिसरी मोटर

पहिल्या मोटरने पूर्ण वेग पकडायला नऊ सेकंद घेतले.

"नऊ सेकंदांत समोरचा आपल्याला दोनदा उताणं पाडेल," धाकटा म्हणाला आणि त्याने मोबाइलवरचं घड्याळ थांबवलं.

"पंखा आहे हा," पलंगावरून अप्पा म्हणाले. "समोरच्याला उकडत असेल तर लावा."

टेबल ओढून पलंगाला लावलं होतं. कडेला शिकंज्यात मोटर आवळलेली, तिच्या शाफ्टवर तीन किलोचं लोखंडी चाक. रोबोच्या फिरत्या पात्याचं वजनही तेवढंच होतं, पण ते पातं घरात फिरवायची हिंमत ताईलाही नव्हती. रविवारी रोबोंची झुंज होती. बहीणभावाने आठ महिने खपून 'खेकडा' हा आपला रोबो बनवला होता. चाकं झाली, पत्रा झाला, नावही ठेवून झालं. अडलं होतं ते फक्त पात्याच्या मोटरपाशी.

दुसरी मोटर जुन्या ग्राइंडरची होती. ती पळाली झकास, पण अप्पांनी नाक वर केलं. "वार्निशचा वास येतोय. बंद कर, घर पेटवशील."

अप्पांनी चाळीस वर्षं मोटरी भरल्या होत्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी बसवली होती. दोन वर्षांपूर्वी उजवं अंग गेलं, कान मात्र शाबूत राहिले. पेचकसाचं टोक मोटरच्या अंगावर आणि मूठ कानाला, एवढ्यावर ते मोटरची कुंडली सांगत. आज कितीतरी दिवसांनी त्यांना कुणी काही विचारत होतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती. दाढीसुद्धा करून घेतली होती.

ताईने तिसरी मोटर शिकंज्यात आवळली. तिला वरपासून खालपर्यंत काळी टेप गुंडाळलेली होती. कारण ती अप्पांच्याच बॅटरीच्या खुर्चीची होती. शुक्रवारी "कार्बन साफ करून देते" असं सांगून ताईने खुर्ची मागच्या खोलीत नेली आणि तिच्या दोन चाकांच्या दोन मोटरींपैकी एक उतरवली. रोज सकाळी अप्पा त्या खुर्चीतून कोपऱ्यावर जात, आपल्या जुन्या दुकानासमोर थांबत आणि आत बसलेल्या नव्या कारागिराच्या चुका त्याला तोंडावर सांगत. घराबाहेरचं त्यांचं आयुष्य ते एवढंच उरलं होतं. सोमवारी मोटर परत बसवायची, असं ताईने मनाशी ठरवलं होतं. लाज वाटत होती तिला, पण लाजेपेक्षा घाई मोठी होती.

बटण दाबलं. चार सेकंद.

धाकट्याने शीळ घातली. ताईने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"अप्पा, ही चोवीस व्होल्टची आहे. छत्तीसवर चालवली तर तीन मिनिटं निघतील?" तीन मिनिटं म्हणजे एक झुंज.

अप्पांनी डाव्या हाताने पेचकस टेकवला, मान वाकडी करून मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग बंद करायची खूण केली आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा टेपवर हात ठेवला.

"निघतील तीन मिनिटं."

"आणि नंतर?"

"नंतर काय? आतलं आर्मेचर जळेल, सगळ्या तारेसकट. परत भरायच्याही लायकीचं राहणार नाही."

सोमवारचा बेत तिथेच संपला. ताईने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने छताकडे. मोटर सोडवून परत खुर्चीला लावायला वीस मिनिटं पुरली असती. अप्पा तिच्याकडेच बघत होते.

"चालेल," ताई म्हणाली. "आम्हाला तीनच हवीत."

"कुठून आणलीस?"

"भंगारातून."

"भंगारातून," अप्पा म्हणाले. ताई टेपचं सुटलेलं टोक चिकटवू लागली. "भरणाऱ्याचा हात कच्चा आहे. तार ओढून बसवायची ती नुसती गुंडाळलीये. दोन दिवस शेजारी बसून घसा फोडून सांगितलं होतं, तरी गुंडाळलीच."

ताईचा हात टेपवरून खाली आला.

"ही उजवीकडची. तू भरलेली," अप्पा म्हणाले. "आपल्याच पोरीच्या कामाला तोंडावर नावं ठेवायला नकोत, म्हणून तीन म्हणालो. खरं म्हणजे दोनच निघतील. तिसऱ्या मिनिटाला भर मैदानात धूर सोडेल. डावीकडची काढ. ती माझ्या हातची आहे, पाच मिनिटं खेचेल."

"अप्पा, आम्ही सोमवारी तुमची..." धाकट्याने सुरुवात केली.

"तेरा नंबरचा पाना घे," अप्पा ताईला म्हणाले. "मागचा नट घट्ट आहे. जोर लावावा लागेल."

ताईने डब्यातून पाना शोधला. तेरा नंबरचाच. ती दारापर्यंत गेली तेव्हा अप्पांनी पुन्हा हाक मारली.

"आणि खुर्चीतली उशी आण गं येताना. आता ती इथेच लागेल."

मागच्या खोलीत खुर्ची आडवी पाडल्याचा आवाज आला. नट खरंच घट्ट होता. दोनदा पाना सटकला. मग ताई आली.

तिने आधी मोटर आणली.