रसेलअण्णाची पोर

“तानुबाई, आज तरी तंबूत चल. रसेलअण्णा गेला. सोलापूरच्या पेपरात आलंय,” टुरिंग टॉकीजचा मालक सिद्धराम दारातूनच म्हणाला.

“मेला तर मेला! माझ्या नवऱ्याच्या मातीला आला हुता काय तुमचा रसेलअण्णा?”

रसेल डेंटन कुठला येतोय! तो अमेरिकेतला. पिक्चर काढणारा तोच अन् त्यात काम करणाराही तोच. त्याची जुनी, घासलेली रिळं सिद्धरामला मिळायची. पण अफजलपुरात इंग्रजी कळतंय कोणाला? म्हणून तानुबाईचा नवरा तुळजाराम पडद्याच्या बाजूला पत्र्याचा भोंगा घेऊन उभा राहायचा आणि साहेब काय बोलतोय ते सांगायचा, निम्मं मराठीत, निम्मं कानडीत. त्याला स्वतःला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. साहेबाच्या तोंडाकडे बघायचं आणि द्यायचं ठोकून! त्यामुळे रसेलअण्णाचा बाप मेंढरं राखायचा, अण्णाने स्वतः तीन बायका केल्या आणि तिघींचाही मार खाल्ला, हे सगळ्या तालुक्याला तोंडपाठ होतं.

तुळजारामला जाऊन तीन आठवडे झाले होते. तानुबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका आपसांत कुजबुजत होत्या. कुजबुजू देत! अकरा वर्षांपूर्वी तिची तीन वर्षांची लेक गोवराने गेली. दुपारी तुळजारामने लेकीला मातीत ठेवलं आणि दिवेलागणीला भोंगा उचलून तंबूकडे निघून गेला. लोकांना हसवायला! पुढे घरात त्याने लेकीचं नाव म्हणून काढलं नाही. तानुबाईने काढलं तर उठून बाहेर जायचा. तिने त्याला जेवायला वाढलं, दुखण्यात त्याचं सगळं केलं, पण माफ केलं नाही. तंबूत तर तिने कधी पाऊलच टाकलं नव्हतं.

सिद्धराम दारातून हलेना. “रसेलअण्णाचा शेवटचा खेळ हाय. समदे वाट बघायलेत. तुळजारामच्या नावानं चल, अक्का.”

पोटच्या पोरीपेक्षा त्याला गोड लागलं ते काय होतं, बघू तरी एकदा. असं म्हणत तानुबाईने पदर खोचला आणि निघाली.

तंबू गच्च भरला होता. भोंगा खांबाला टांगलेला होता, त्याला कोणी हात लावला नव्हता. खेळ सुरू झाला. साहेब इंग्रजीत बोलत राहिला आणि माणसं मुकाट बघत राहिली. मग पुढून पानपट्टीवाला गुरुलिंग ओरडला, “‘अक्का, अजून एक भाकर वाढ,’ म्हणायलाय!” तंबू खदखदून हसला. मग दुसरा ओरडला, मग तिसरा. सगळ्यांना सगळं पाठ होतं. शब्द तुळजारामचे, हेलसुद्धा त्याचाच. तानुबाईच्या मस्तकात तिडीक गेली. हेच ना ते हसवणं! ती उठायलाच निघाली.

तेवढ्यात पडद्यावर साहेब एका रिकाम्या हॉटेलात येऊन बसला. एकटाच. पुढे कप होता. तो बोलत नव्हता, त्याचे ओठही हलत नव्हते. तंबूतलं हसणं आपोआप थांबलं. बायकांनी आधीच डोळ्यांना पदर लावले.

“काय झालं गं?” तानुबाईने शेजारच्या पद्माबाईला विचारलं.

“आगं, त्येची पोर गेली न्हाई का. तीन वर्साची. गोवरानं.”

“ह्या पिच्चरात?”

“समद्याच पिच्चरात. साहेब असा गप बसला की तुळजाराम भोंगा खाली ठिवायचा, अन् हळू आवाजात सांगायचा. तुला ठावं न्हाई व्हय?”

तानुबाईने पडद्याकडे बघितलं. तिथे पोर नव्हती, पाळणा नव्हता. एक अनोळखी गोरा माणूस होता आणि त्याचा चहा निवत होता.

आणि अंधारात सगळा तंबू हलक्या आवाजात एकदमच म्हणाला, “‘घरात रडलो तर तिची माय जगायची न्हाई. म्हणून मी हितं येतो.’”