चाकाची खुर्ची

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मुंबईहून कोचीला जाणारं विमान गोजरबाईंना न घेता उडालं. गोजरबाई तेव्हा त्याच विमानतळावर होत्या.

त्यांच्या मुलाला, भागवतला, हे एसटीत कळलं. सिंदखेडराजा मागे पडलं होतं, मेहकर यायचं होतं. मधल्या रस्त्याला रेंज नव्हती. ती आली तेव्हा मोबाइलवर विमान कंपनीचे दोन संदेश एकदम येऊन पडले. पहिला म्हणत होता, आपलं गेट बदललं आहे. दुसरा म्हणत होता, आपण विमानात चढला नाहीत, आपलं तिकीट रद्द झालं आहे.

"मी काऊन चढू विमानात?" भागवत म्हणाला.

शेजारी बसलेल्या पुष्पांजलीनं, त्याच्या बायकोनं, मोबाइल घेऊन पुन्हा वाचलं. "तुमच्या नंबरावर तिकीट काढलं ना. मायचं विमान सुटलं, अहो."

कोचीत गोजरबाईंची मुलगी नीरजा दवाखान्यात होती. हृदयाची झडप बदलायची होती. उद्या सकाळी तिला आत घेणार होते. माय दिसल्याशिवाय मी जात नाही, असं तिनं दोनदा फोनवर सांगितलं होतं. मुंबईत विमान बदलायला तासाभराचा वेळ होता. त्यातला बराचसा संभाजीनगरहून सुटणाऱ्या पहिल्या विमानाच्या उशिरातच गेला.

चाकाच्या खुर्चीची कल्पना भागवतची. गोजरबाईंचे पाय धड होते, डोणगावात त्या रोज पायी वावरात जात. पण पाट्या वाचता येत नव्हत्या आणि हिंदी समजत नव्हती. खुर्ची मागितली की सोबत एक माणूस मिळतो आणि तो थेट विमानाच्या दारात नेऊन सोडतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जे कोणी म्हातारं माणूस गावातून विमानानं गेलं, ते खुर्चीवरच गेलं. सकाळी भागवतनं मायला बजावलं होतं, "खुर्चीवरून उठू नको. तो माणूस सांगीन तसंच कर." तिचा बटणांचा फोन त्यानंच बंद करून पिशवीत घातला होता. विमानात बंद ठेवावा लागतो. पुढं चालू कोण करून देणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग संभाजीनगरच्या विमानतळाच्या काचेच्या दारापाशी तो म्हणाला, "येतो, माय." गोजरबाई म्हणाल्या, "ये, बापा." भागवत आणि पुष्पांजली बसस्टँडकडे निघाले.

मेहकरच्या स्टँडवर उतरताच भागवतनं कंपनीला फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. मराठीसाठी आकडा नव्हता. पुष्कळ वेळ संगीत वाजलं. मग एक मुलगी बोलली. आवाज गोड होता.

तिच्या समोरच्या नोंदीप्रमाणे प्रवाशाला मदत पूर्ण झाली होती. खुर्ची गेटपर्यंत पोचली होती. गेट नंतर बदललं. तसा संदेश दिलेल्या नंबरावर पाठवला होता. मुंबईच्या विमानतळावर आता घोषणा करत नाहीत. ज्यानं खुर्ची नेली तो ठेकेदाराचा माणूस होता, त्याची ड्यूटी तीनला संपली. पुढचं विमान उद्या दुपारी. तिकीट नवं काढावं लागेल.

भागवतनं ऑपरेशनचं सांगितलं. ती म्हणाली, मी समजू शकते, सर.

"समजते म्हणते," त्यानं मोबाइलवर हात ठेवून बायकोला सांगितलं.

"समजलं असन तर माय कुठी हाय ते सांग म्हणा. चांगल्या चालत्या बाईले खुर्चीत बसवलं तुम्ही."

मुलीनं गेटवर विचारते म्हणून थांबायला सांगितलं. पुन्हा संगीत. समोर डोणगावची गाडी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. "चला हो भाऊ, डोणगाव. का फोनवरच बसून जाता घरी?" भागवत जागचा हलला नाही. फोन हलवला तर रेंज जाईल, अशी त्याला भीती वाटत होती. गाडी निघून गेली.

तेवढ्यात पुष्पांजलीचा फोन वाजला. नीरजा होती. आवाज बारीक येत होता. "वहिनी, माय बसली का विमानात?"

पुष्पांजलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो संगीत ऐकत होता.

"हाव ताई," ती म्हणाली. "बसल्या."

संगीत थांबलं. मुलगी परत आली. आता तिच्या आवाजात घाई होती. आपल्या आई सापडल्या, सर. जुन्या गेटपाशी खुर्चीत बसल्या आहेत. पण आमच्या माणसांबरोबर यायला तयार नाहीत. आमचे दोघं जण जाऊन आले. खुर्ची ढकलू देत नाहीत, उठतही नाहीत.

"मले बोलू द्या तिच्यासंग," भागवत म्हणाला. मग हिंदीत म्हणाला.

गेटवरचा फोन बाहेरच्या लाइनला जोडता येत नाही, सर. काय निरोप द्यायचा तो मला सांगा. त्या सारखं एकच म्हणताहेत. पहिला माणूस काही तरी बोलून गेला, त्याच्यासाठी थांबल्या आहेत. आमच्या इथं कुणाला ते नीट कळत नाही. ती कागदावरून वाचल्यासारखं सावकाश म्हणाली, "'येतो आजी' बोलके गया, ऐसा बोल रही हैं."

भागवतनं ते तसंच पुष्पांजलीला सांगितलं.

"सर, ये 'येतो' मतलब क्या होता है?" मुलीनं विचारलं. "आता हूँ, या जाता हूँ?"

सव्वापाचला लाइन चालूच होती. गोजरबाई खुर्चीतच होत्या.