खिळ्यावरचा डबा

वजनकाट्यावर कापसाची ट्रॉली उभी होती, आणि ट्रॉलीमागं काट्यावरच दोन माणसं गप्पा ठोकत उभी होती. खिडकीतून हर्षलला ती दिसायला हवी होती. दिसली नाहीत. त्यानं बटण दाबलं, पावती निघाली, आणि दोन धडधाकट माणसं कापूस म्हणून मोजली गेली.

शेठ नेमके मागंच.

"माणसं मोजून राह्यला का बे कापसात? डोळे घरीच ठेवून आला का?"

बाहेर रांगेतले ट्रॅक्टरवाले हसले. सकाळपासून उन्हात बसून कंटाळलेली माणसं ती, चांगली पोट धरून हसली. शेठ आणखी दोन शब्द सुनावून निघून गेले. हर्षलचे कान तापले, छाती धडधडायला लागली आणि पाय आपोआप दाराकडं वळले. हे पाय त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. सहा नोकऱ्या त्यांनीच सोडल्या होत्या. त्याला कधी कुणी काढलं नव्हतं. कुणी ओरडलं की हा गडी खिळ्यावरचा जेवणाचा डबा काढायचा आणि चालू लागायचा. पुन्हा त्या रस्त्याला फिरकायचा नाही.

आज हात डब्यापर्यंत गेला आणि थांबला.

"डबा तिथंच ठेवायचा," इरा मॅडम सांगायच्या. त्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक. दर मंगळवारी त्या सरावासाठी शेठ व्हायच्या आणि हर्षलवर ओरडायच्या. ओरडणं त्यांना बिलकूल जमायचं नाही, मधेच हसू फुटायचं. मग हर्षलही हसायचा. आठवड्यातून तेवढंच काय ते हसणं. "जावंसं वाटलं तर जा, हर्षलभाऊ. पण किती वेळात येणार ते सांगून जा. डबा ठेवून जा, म्हणजे त्याच्यासाठी तरी याल. आणि आलात की कुणाला तरी सांगा, मी परत आलो म्हणून. मनात नाही, तोंडानं."

दिवाळीनंतर त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

"किसनकाका, मी धा मिनिटांत येतो," हर्षल बाजूच्या टेबलाकडं बघून म्हणाला. कापसाच्या या जिनिंग कारखान्यातले सगळ्यात जुने कारकून किसनराव. त्यांनी नुसती मान हलवली.

मागच्या टाकीच्या नळाखाली त्यानं दोन्ही मनगटं धरली. पाणी गार होतं. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. पहिले काही श्वास रडण्यातच गेले. मग मोजणी जमायला लागली. छाती हळूहळू जागेवर आली, तसा तो उठला आणि परत निघाला. घड्याळात आठ मिनिटं झाली होती. असं परत येणं आजवर कधी झालं नव्हतं, आणि त्याला फार बरं वाटत होतं.

आत आला तर खिळ्यावर डबा नाही. तिथं किसनरावांची कापडी पिशवी लटकत होती.

"तुह्या सायकलले अडकवून आलो," किसनराव म्हणाले. "मले वाटलं तू गेला. चिडून गेलेल्या माणसाले डब्यासाठी पुन्हा आत याची लाज वाटते ना. म्हणून मीच नेऊन ठेवतो."

"मी त सांगून गेल्तो, काका."

"सगळेच सांगून जातात, बापा. आजवर वापस कोणी आला नाई."

बोलण्यात खोच नव्हती. उलट मायाच होती, आणि तीच हर्षलला जास्त लागली.

सायकल फाटकाजवळ उभी होती. हँडलला डबा, समोर उघडं फाटक. डब्यात पहाटे उठून स्वतःच थापलेल्या भाकरी. आत्ता घरी गेलं तर का आला म्हणून विचारणारं तिथं कुणी नव्हतं, आणि इथं काऊन गेला म्हणून विचारणारंही नव्हतं. त्यानं हँडल धरलं. पायानं स्टँडसुद्धा काढलं. हँडलला अडकवलेला डबा खणकन वाजला. मग सायकल पुन्हा स्टँडवर चढवली आणि डबा काढून घेतला.

"काका, पिशवी काढा. तो खिळा माहा आहे."

किसनरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं, पिशवी काढली आणि कापसाच्या गठाणी मोजायला गोदामात निघून गेले.

हर्षलनं डबा खिळ्यावर लावला. खुर्चीत बसला. आता कुणाला तरी सांगायचं होतं. खोलीत कुणीच नव्हतं. मोबाइलमध्ये इरा मॅडमचा नंबर होता, पण तो दवाखान्याचा होता. मागच्या महिन्यात दोनदा फोन लावला, कुणी उचलला नव्हता.

समोर माइक होता. पुढची गाडी बोलवायचा. त्याचा भोंगा बाहेर खांबावर. हर्षलनं बटण दाबलं.

"मी..." सगळ्या आवारात आवाज घुमला. त्यानं घसा साफ केला, तोही घुमला. "मी वापस आलो."

रांगेतला पहिला ट्रॅक्टरवाला ट्रॉली लावून काट्यावरच उभा होता. त्यानं भोंग्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं.

"आला त आला! वजन घे ना बे!"

"हाव," हर्षल माइकवरच म्हणाला. "घेतो. काट्यावरून बाजूले व्हा."