शेवंताबाईंचा होकार

विडी कामगारांच्या वस्तीत रेवती प्रबंधासाठी माहिती गोळा करत होती. प्रश्न विचारण्याची पद्धत केव्हाच मागे पडली होती. सर्वेक्षणाची वेबसाइटच प्रत्येकाच्या जुन्या नोंदींवरून उत्तरं भरून ठेवायची आणि माणसानं फक्त ‘मान्य’ दाबायचं.

साठीच्या शेवंताबाईंनी मात्र रेवतीनं दिलेला टॅबलेट डोळ्यांजवळ धरून वाचलं. "पुन्हा शिकायला आवडेल का? नाही. हे कोणी लिहिलं गं?"

"संगणकानं, मावशी. तुमच्या आजवरच्या वागण्यावरून."

"मला न विचारता?" त्यांनी ‘होय’ दाबलं. पडदा लाल झाला : ‘उत्तर तुमच्या स्वभावाशी विसंगत आहे.’ त्यांनी आणखी जोरात ‘होय’ दाबलं.

दुरून सगळं पाहणारे मार्गदर्शक रेवतीच्या इअरफोनमध्ये म्हणाले, "त्या बाईंना वगळ. नाहीतर प्रबंध अडकेल."

प्रबंधाच्या तीन वर्षांत आज पहिल्यांदाच रेवतीला कोणीतरी उत्तर दिलं होतं.

"अडकू दे, सर." तिनं टॅबलेट बंद केला, वही काढली आणि खाली बसकण मारली. "काय शिकायचंय, मावशी?"

"कायदा. ठळक अक्षरात लिही."

शेजारच्या ओट्यावरून हाक आली, "ए पोरी, मलाही विचार! माझंही सगळं चुकीचं लिहिलंय."