मधली भिंत

डाव्या कुशीवर वळलेल्या इंदुमतीबाईंच्या छातीवर गार जेल लागलं, तशा त्या शहारल्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांचंच हृदय धडधडत होतं. शेजारच्या बाकावर गुडघे फाकवून बसलेले त्यांचे यजमान दिगंबरराव मान उंचावून पडद्याकडे बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "आजी, मागच्या महिन्यात फुप्फुसातल्या गुठळीमुळे हा उजवा कप्पा फुगला होता. मधली भिंत रेटून त्यानं डाव्याची जागा खाल्ली. डावा रक्तानं भरेचना, म्हणून तुम्हाला भोवळ यायची. आता गुठळी विरघळली. उजवा अंग आवरून बसलाय आणि डावा कसा मस्त भरतोय बघा!"

इंदुमतीबाई खुदकन हसल्या. "आमच्या घरीही तेच हो! सोफ्यावर हे असे पसरतात, की मी लग्नापासून कडेलाच लटकलेय."

परतताना रिक्षात दिगंबररावांनी गुडघे जुळवले, पिशवी मांडीवर घेतली आणि ते पार कडेला सरकले. "बस ऐसपैस," ते म्हणाले.

इंदुमतीबाईंनी त्यांच्या मांडीवरची पिशवी उचलून मोकळ्या जागेत ठेवली. "पिशवीला बसू द्या ऐसपैस," म्हणाल्या, आणि त्यांना खेटून बसल्या.